पांढऱ्या पायांची पिल्लं

कुत्र्यांना वंशावळ असते आणि माणसांना नुसते नातेवाईक असतात, हे त्या घरात पाऊल टाकलं की पटायचं. बैठकीच्या लांब भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेत बसवलेला तक्ता. वर सरदार, खाली त्याची मुलं, नातवंडं, पंतवंडं, अशा अकरा पिढ्या. प्रत्येक नावाखाली जन्मतारीख, खांद्याची उंची आणि मिळालेली पदकं. घरातल्या माणसांचे फोटो मात्र कपाटावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. थोरली लेक घर सोडताना म्हणालीच होती, "या घरात जन्माला यायचं तर चार पायांवर यावं." बाबा खूश होऊन हसले होते. बिचाऱ्यांना ते कौतुक वाटलं होतं.

बाबा म्हणजे कुत्र्यांच्या प्रदर्शनातले परीक्षकसाहेब. चौऱ्याहत्तर वर्षांचे, कण्याने ताठ आणि मताने त्याहून ताठ. काळ्या शिकारी कुत्र्यांची ही जातिवंत लाइन त्यांनी एकतीस वर्षांत घडवली होती. घडवायच्या पद्धती तीन, असं ते येईल त्याला बोटांवर मोजून दाखवत. पहिली घरातल्या घरात, म्हणजे बाप-लेक, भाऊ-बहीण. त्यात गुण पक्का होतो, पण दोषही पक्का होतो. दुसरी भावकीत, म्हणजे काका-पुतणी, मामेभाऊ-आतेबहीण. ही सबुरीची वाट. तिसरी बाहेरचं रक्त. तिसऱ्या बोटाशी आले की ते बोट दुमडूनच टाकायचे. "बाहेरचं रक्त आणणं म्हणजे आपल्याच सुंदर अक्षरावर शाईची दौत उपडी करणं," असं म्हणायचे, आणि समोरच्याला मान डोलवावीच लागायची.

या जातीच्या नियमात लिहिलेलं होतं, की कुत्रं अंगभर काळं हवं. पायावर, छातीवर पांढरं चालणार नाही. पण सुरुवातीच्या प्रत्येक विणीत एखाद-दुसरं पिल्लू पांढरे मोजे घातल्यासारखं जन्माला यायचंच. बाबा ओली पिल्लं दिव्याखाली उलटीसुलटी करून बघायचे. मिनिटभरात निकाल. पांढऱ्या पायांची बाजूला. "ही काढा," म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. पुढचं काम आईचं. मागच्या मोरीत कोमट पाण्याची बादली असायची. त्या काळी बरेच जण असंच करायचे. त्यावर बोलायचं मात्र कोणी नाही. धाकटी लेक त्या घरात वाढली आणि तिला बादली कशासाठी ते ठाऊक होतं. लहानपणी कितीतरी वर्षं ती आईच्या हातचा घास खायची नाही. आईने कधी कारण विचारलं नाही.

हळूहळू पांढरी पिल्लं कमी होत गेली. गेल्या आठ वर्षांत तर एकही नाही. बाबांनी त्या आनंदात क्लबातल्या सगळ्यांना कॉफी पाजली होती. "झाली लाइन स्वच्छ," ते म्हणाले होते.

आणि मग कुत्री मरायला लागली.

सरदार अकरा वर्षं जगला होता. त्याची नातवंडंही दहा-दहा वर्षांची होऊन गेली. आता चौथं-पाचवं लागलं की धडधाकट कुत्रं उभ्या-उभ्या कोसळायचं. एक पाणी पिता पिता गेला. एक फाटकाशी पोस्टमनवर भुंकताना मध्येच गप्प झाली आणि आडवी पडली. पोस्टमन बिचारा महिनाभर पत्रं भिंतीवरूनच टाकत होता. तीन वर्षांत सात. आता घरात उरली होती एकटी दमयंती, लाडाने दमी, वय अडीच. ती गेली की अकरा पिढ्यांचा तक्ता काचेतच राहणार होता.

कुत्र्यांचं सगळं आता धाकटी बघायची. वय सदतीस, लग्नाचं नाव काढलं की कुत्र्यांच्या खोलीत जाऊन बसणारी. दमी वाचावी, दमीची पिल्लं वाचावीत, याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दमी माजावर येणार हे दिसल्यावर तिने बापापुढे तिसरं बोट उभं केलं. "बाबा, या वेळी बाहेरचं रक्त."

"कुणाचं?"

"नदीपलीकडच्या बेकरीवाल्याचा टोस्ट."

नाव ऐकूनच बाबांना ठसका लागला. "टोस्ट! उद्या बिस्किट आणशील. कागद आहेत त्याचे?"

"कागद नाहीत. पण त्याची आई तेरा वर्षांची आहे आणि अजून जिने चढते. डॉक्टरीणबाईंनी स्वतः तपासलीय."

"पाय कसे आहेत?"

धाकटी दमीचं पाण्याचं भांडं भरायला लागली. टोस्टचे चारही पाय पांढरे होते.

"मग संपलं," बाबा म्हणाले. "नवाब आहे आपल्या क्लबाच्या सेक्रेटरीकडे. दमीच्या सख्ख्या मामाचा मुलगा, तीन पदकं, एक केस पांढरा नाही. त्याच्याशीच जोड लागणार."

आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. शेवटी भांडून भांडून धाकटीने एवढंच कबूल करून घेतलं, की दमी, नवाब आणि टोस्ट तिघांचं रक्त प्रयोगशाळेत जाईल आणि निकाल येईपर्यंत कोणी काही करायचं नाही. बाबा कुरकुरले, पण हो म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळेच मानायचे.

निकाल यायला उशीर झाला. दमी माजावर आली, जोडीचे नेमके दिवस संपत आले, तरी पत्ता नाही. अखेर एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्वतःच कागद घेऊन आल्या. नेहमी दारातूनच गप्पा सुरू करणारी ती बाई, त्या दिवशी खुर्ची ओढून बसली आणि आधी तिने पाणी मागितलं.

"दोन गोष्टी आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिली अशी, की टोस्ट बाहेरचा नाही."

"म्हणजे?"

"तो तुमचाच आहे. दमीचं आणि त्याचं रक्त चुलत भावंडांइतकं जवळचं आहे. मला वाटलं नमुने बदलले, म्हणून दुसऱ्यांदा तपासायला लावलं. तेच आलं."

"अशक्य!" बाबांनी टेबलावर हात आपटला. "या घरातलं एकही कुत्रं कागदाशिवाय बाहेर गेलेलं नाही. प्रत्येकाची नोंद आहे माझ्याकडे. चोरी झाली असेल. त्या बेकरीवाल्याला मी..."

"त्याला काही बोलू नका," आई म्हणाली.

तिने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. ही बाई या घरात जेवायला वाढताना सोडून कधी मध्ये बोलत नसे, म्हणून तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

"मी नेऊन दिली ती पिल्लं. पिशवीत गरम पाण्याची बाटली, वर लोकरीचं फडकं, आणि त्यावर पिल्लं. बेकरीच्या भट्टीमागची भिंत कायम ऊबदार असते. बेकरीवाल्याच्या आईने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवली. ती गेल्यावर सून करायला लागली. दर गुरुवारी मी पाव आणायला पलीकडे जाते ना, ती त्यांना बघायला जाते. नाहीतर आपल्या कोपऱ्यावर काय पाव मिळत नाही?"

धाकटीने टेबलाची कड धरली.

"किती?" तिने विचारलं.

"सत्तेचाळीस. टोस्ट हा चिमणीचा खापरपणतू. चिमणी म्हणजे सरदारच्या दुसऱ्या विणीतली, उजवा कान जरासा दुमडलेला होता ती."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. "एकतीस वर्षं तू माझ्याशी खोटं बोललीस?"

"कुठे हो? तुम्ही हात पुसत विचारायचात, 'झालं का?' मी म्हणायची, 'झालं.' पुढे कधी विचारलंत? मोरीत डोकावून तरी बघितलंत?"

एरवी धाकटी या उत्तरावर खो-खो हसली असती. पण तिचे डोळे आईच्या हातांवरून हलेनात. मग तिच्या तोंडून निघूनच गेलं, "पण मी बघितलं होतं. मी सहा वर्षांची होते. मोरीच्या दारात उभी होते. तू खरंच..."

"हो," आई म्हणाली. "पहिली तीन मी बुडवली. ते खोटं नाही. मान वर केली तर तू दारात. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस, नुसती माझ्या हातांकडे बघत होतीस. त्यानंतर मला नाही जमलं. तुला सांगणार तरी कसं? तू लहान, बाबांना पटकन सांगून मोकळी झाली असतीस. आणि मोठी झालीस तोवर तू माझ्याशी बोलायचीच कुठे एवढं?"

एकतीस वर्षं मनात धरलेला राग असा एका दमात कुठे ठेवायचा, हे धाकटीला कळेना. तो गेलाही नाही आणि राहिलाही नाही. तिला रडू येत होतं आणि ते नेमकं कुणासाठी, तेही समजत नव्हतं.

डॉक्टरीणबाई खाकरल्या. "दुसरी गोष्ट राहिलीय. ती जास्त वाईट आहे." त्यांनी कागद बाबांच्या पुढ्यात सरकवला, पण बाबा वाचेनात, तेव्हा त्या सोपं करून सांगायला लागल्या. "साहेब, रक्तात गुणांच्या खुणा असतात, त्या माळेतल्या मण्यांसारख्या शेजारी शेजारी ओवलेल्या असतात. तुमच्या लाइनमध्ये अंगभर काळ्या रंगाच्या मण्याला हे हृदयाचं दुखणं चिकटून बसलंय. आई आणि बाप दोघांकडूनही तो मणी आला, तर कुत्रं सुरेख काळं आणि चार-पाच वर्षांत खलास. एकाच बाजूने आला, तर दिसायला काळंच, पण जगतं. तुमचा सरदार तसा होता. आणि कुठल्याच बाजूने आला नाही, तर पाय पांढरे."

"आणि हृदय?" धाकटीने विचारलं.

"ठणठणीत."

शेजारच्या खोलीत दमी पाण्याचं भांडं ढकलत होती, तेवढाच आवाज.

"म्हणजे मी..." बाबांना वाक्य पुरं करता येईना.

डॉक्टरीणबाईंना ते पुरं करायचं नव्हतं, पण करावं लागलं. "जी जगणार होती, नेमकी तीच तुम्ही वेचून वेचून बाजूला काढलीत. लाइन जितकी स्वच्छ झाली, तितकं दुखणं पक्कं झालं. आठ वर्षांपूर्वी शेवटचं पांढरं पिल्लू झालं ना? मरणं त्याच्यापुढचीच आहेत."

"आणि दमी?" धाकटीने विचारलं, पण तिला उत्तर डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. दमी अंगभर काळी होती. दोन्ही मणी होते.

"आता तिचं हृदय बरं आहे. पुढच्या वर्षी मी तिला पिल्लं होऊ देणार नाही. म्हणजे हीच एक वीण. टोस्टशी जोड लावा. पिल्लं काळीच होतील, पण प्रत्येकाला एक चांगला मणी मिळेल. सगळी जगतील. नवाबचं मात्र नाव काढू नका. त्याच्यातही दोन्ही तेच आहेत. त्याचं एकही पिल्लू वाचणार नाही."

धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. निदान वेळेवर कळलं, असं ती म्हणणार, तेवढ्यात तिचं लक्ष बापाकडे गेलं. परीक्षकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"परवा," ते म्हणाले.

"परवा काय?"

"नखं कापायला म्हणून नेलं होतं ना मी दमीला? नखं कापायला नव्हतंच नेलं. सेक्रेटरीकडे नेलं होतं. नवाबकडे."

बाबांनी शब्द मोडला होता. तोही आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही हा! "अहो, काय केलंत हे!" आई एवढंच म्हणाली.

"दिवस निघून चालले होते," बाबा पुटपुटत होते. "निकाल येईना. मला वाटलं, तू तिला घेऊन पलीकडे जाशील. माझ्या डोळ्यांदेखत सगळं मातीत जाईल. मला वाटलं, एकदा झालं की झालं, मग बोलेल काय ती."

धाकटी बापावर आजवर ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली. काय काय बोलली ते तिला नंतर आठवेना. आठवलं ते एवढंच, की बाबा एकदाही उलटून बोलले नाहीत. ते बघूनच तिला जास्त भीती वाटली आणि ती गप्प झाली.

"गर्भ राहू नये म्हणून सुई आहे," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "पण मग या वेळी काहीच नाही, आणि पुढची वेळ नाही." मग त्या थांबल्या, दमीकडे जाऊन तिला तपासून आल्या. "हिचे दिवस अजून आहेत. आज, फार तर उद्या. कुत्रीला एकाच वेळी दोन नरांची पिल्लं राहू शकतात, माहितीय ना तुम्हाला? आज टोस्टकडे नेलीत, तर काही त्याची, काही नवाबची. किती कुणाची, ते आपल्या हातात नाही."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. निर्णय तिचा होता. सुई द्यावी, तर तक्ता इथेच थांबला. देऊ नये, तर जाणूनबुजून काही पिल्लं मरायला जन्माला घालायची. तिने डोळे मिटले, उघडले आणि गाडीची किल्ली उचलली. "आई, तू चल. त्यांची ओळख तुझी आहे."

बेकरीच्या मागच्या अंगणात बेकरीवाला पिठाचे हात झटकत बाहेर आला. आईला बघून म्हणाला, "काकू, आज गुरुवार नाही." मग मागे धाकटी दिसली, दमी दिसली, आणि त्याने काही न विचारता टोस्टला सोडलं. भट्टीच्या भिंतीला टेकून टोस्टची तेरा वर्षांची आई झोपली होती. धाकटी तिच्यापुढे उकिडवी बसली. सरदारचंच डोकं, सरदारचीच छाती, तक्त्यावरच्या कुणापेक्षाही जास्त सरदारची. पाय मात्र चारही पांढरे. तिने एक डोळा उघडला, धाकटीचा हात हुंगला आणि पुन्हा झोपली. धाकटीला तिथे बसल्या बसल्या हुंदका आला. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि कितीतरी वर्षांनी धाकटीने तो झटकला नाही.

दोन महिन्यांनी दमीला नऊ पिल्लं झाली. नऊच्या नऊ काळीभोर. एकाच्याही अंगावर पांढरा केस नाही. बाबांनी सवयीने दिवा जवळ ओढला, पहिलं पिल्लू उचललं, उलटंसुलटं केलं, आणि तसेच बसून राहिले. निवडण्यासारखं काही दिसतच नव्हतं. जगणारी कुठली आणि जाणारी कुठली, हे सांगायला एकतीस वर्षांची नजर काडीच्या उपयोगाची नव्हती. त्यांनी पिल्लू दमीच्या कुशीत परत ठेवलं आणि दिवा मालवला.

ओळखू यावीत म्हणून आईने नऊ रंगांच्या लोकरीचे धागे पिल्लांच्या गळ्यात सैलसर बांधले. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाच्या गालातून कापूस फिरवून नमुने नेले. तोवर बाबांना एका पिल्लाचा लळा लागून चुकला होता. लाल धाग्याचं होतं ते, सगळ्यांत दांडगं. बाबा खोलीत आले की पिल्लांच्या पेटीच्या कडेवरून गडगडत बाहेर यायचं आणि थेट त्यांच्या चपलेत जाऊन बसायचं. बाबा त्याला स्वेटरच्या आत घालून पेपर वाचायचे. आयुष्यात कुत्र्याला मांडीवर न घेतलेला माणूस!

निकाल आला तेव्हा आई पिल्लांना बाटलीने दूध पाजत होती. धाकटीने पाकीट फोडलं. कागदावर दोन रकाने होते. एकात चार, एकात पाच.

"टोस्टची चार," ती वाचायला लागली. "हिरवा. पिवळा. जांभळा. पांढरा." आणि थांबली.

बाबा खुर्चीत होते. स्वेटरच्या गळ्यातून काळं नाक बाहेर आलेलं होतं. "लाल?" त्यांनी विचारलं.

धाकटीने कागद उलटा करून मांडीवर ठेवला. बाबांना कळलं. पिल्लू त्यांच्या गुंडीशी खेळत होतं, ते त्यांनी खेळू दिलं.

"किती म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई? चार-पाच वर्षं?"

"हो, बाबा."

"ही पाचही कुणाला द्यायची नाहीत. इथेच राहतील. केलं मी आहे, तर बघेनही मीच." त्यांनी स्वेटरवरून पिल्लाच्या पाठीवर हात फिरवला. "आणि चार-पाच वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. माझंही तेवढंच उरलं असेल. जमेल आमचं."

आईने मान वर केली. "काहीतरीच काय बोलता," ती म्हणाली, आणि हातातली बाटली स्वेटरमधल्या त्या काळ्या नाकापुढे धरली.